डोळ्यांनी सांगितलेली दुरुस्ती

माझ्या नवऱ्याचं शहापूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, एका झेरॉक्सवाल्याला खेटून, जेमतेम दोन खुर्च्या मावतील एवढं. घर आमचं सापगावात. मी लग्न होऊन आले तेव्हा मागच्या खोलीत भाताच्या पोत्यांशेजारी जुन्या मदरबोर्डांची चळत रचलेली होती आणि सासूबाई दोन्हीवरची धूळ सारख्याच निगुतीनं झटकायच्या. आम्हाला मूल झालं नाही. दुकान होतं, थोडी भातशेती होती, दिवस चांगले चालले होते.

नवऱ्याचा आजार सुरू झाला हातापासून. स्क्रू पिळताना पेचकस सटकायला लागला. त्यांना वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग उजव्या अंगठ्याच्या बुडाशी खड्डा पडला, तिथलं मांसच कुणी काढून नेल्यासारखं. शहापूर, कल्याण, शेवटी मुंबई असं करत तपासण्या झाल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत, औषध नाही. हात जातील, पाय जातील, बोलणं जाईल, गिळणं जाईल, शेवटी श्वास. "बुद्धी मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील," असं ते म्हणाले. हे त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं होतं.

दुकान दुसऱ्याला दिलं. बोलणं पुरतं जायच्या आधी त्यांनी स्वतःसाठी एक मशीन तयार करून घेतलं. बोर्ड जुनाच, दुकानातला उरलेला. पडद्यावर मराठी अक्षरं मांडलेली, त्यांच्यावरून एक निळा चौकोन आपोआप सरकत जायचा. हव्या त्या अक्षरावर चौकोन आला की उजव्या हाताचं पहिलं बोट दाबायचं. ते बोट तेवढं अजून हलत होतं. त्याखाली जुन्या माऊसचं बटण काढून चिकटवलेलं. वाक्य झालं की मशीन ते मोठ्यानं वाचायचं. मराठीत बोलणारा आवाज त्यांना एकच मिळाला, तोही बाईचा.

सासूबाई पहिल्यांदा तो आवाज ऐकून दारातच थांबल्या. "ही कोन बाई गो माज्या पोराच्या जागी बोलते?"

चौकोन बराच वेळ सरकत राहिला. मग ती बाई म्हणाली, "तुझी दुसरी सून."

त्या दिवशी आम्ही खूप हसलो. त्यांचं हसणं तेव्हा फक्त डोळ्यांत आणि थोडं खांद्यांत उरलं होतं.

वर्षभर त्या बाईनं आमचं घर चालवलं. भाजी कुठली आणायची, आवणाला, म्हणजे भाताच्या लावणीला, माणसं कधी बोलवायची, डॉक्टरांना काय विचारायचं, सगळं तिच्या तोंडून. माझ्याशी भांडायचेही तिच्याच तोंडून, आणि भांडणातलं वाक्य पूर्ण होईपर्यंत मला उभं राहावं लागायचं. मध्येच निघून गेले तर ते चिडायचे.

मग ते बोटही दमायला लागलं. एका संस्थेकडून वापरलेला कॅमेरा मिळाला होता. पडद्याखाली लावायचा, मग तो डोळ्यांची हालचाल ओळखतो आणि माणूस नुसत्या नजरेनं टाइप करू शकतो. आमच्या मशीनला तो लागायचा, चार शब्द व्हायचे की संपर्क तुटायचा. काढून परत लावला की पुन्हा तेच. त्यांनी दोन दिवस त्या बोटानं नेटवर शोधाशोध केली आणि मला सांगितलं, "बोर्डाचं फर्मवेअर जुनं आहे. अपडेट केलं की कॅमेरा टिकेल."

फर्मवेअर म्हणजे काय ते मला दुकानातल्या दिवसांपासून माहीत होतं. बोर्डावर नखाएवढी एक चिप असते. मशीन चालू केलं की सगळ्यात आधी तिच्यात लिहिलेलं वाचून बोर्ड जागा होतो, विंडोज वगैरे नंतर. त्या चिपमधलं पुसून नवं लिहायचं. लिहिताना मध्येच वीज गेली तर धड जुनं नाही, धड नवं नाही, आणि बोर्ड जागाच होत नाही. अशी मशीनं घेऊन लोक पडलेल्या चेहऱ्यानं दुकानात यायचे, ते मी पाहिलं होतं.

अपडेट चालू असताना त्यांना बोलता येणार नव्हतं, कारण ज्याच्यावर काम चालायचं तेच त्यांचं तोंड. म्हणून काय काय करायचं ते आदल्या दिवशीच त्यांनी टाइप करून मला ऐकवलं, पाठ करून घेतलं. आधी चिपमधलं जुनं होतं तसं पेनड्राइव्हवर उतरवून ठेव. मग नवी फाइल दे. मग कशाला हात लावू नकोस. मला जुनं उतरवून ठेवणं वेळ घालवणं वाटलं. "गपचूप कर," बाई म्हणाली.

सकाळची वेळ होती. जुनं उतरवलं, नवं लावलं. पडद्यावर काम किती झालं ते दाखवणारी पट्टी सरकायला लागली. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते. तेवढ्यात नळाला पाणी आलं आणि सासूबाईंनी मागच्या पडवीत मोटर लावली. रोजच लावायच्या. मोटरनं वीज ओढली तसा दिवा पिवळा पडला. टेबलाखालचा यूपीएस टक् करून वाजला, एकदा किंचाळला आणि गप्प झाला. पडदा काळा.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघतच नव्हते, यूपीएसकडे बघत होते.

वीज लगेच सरळ झाली. मी बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला, परत फिरला, थांबला. पडद्यावर काही नाही. दहा वेळा तरी केलं असेल. पंखा फिरायचा आणि थांबायचा.

"काय झाला गो?" सासूबाई ओले हात घेऊन दारात आल्या. आमचे चेहरे बघून त्या मागे वळल्या, पडवीकडे बघितलं आणि खाली बसल्या. "मी मोटर लावली. मना कोनी सांगितलाच नाय." त्यानंतर कित्येक दिवस त्या मोटरच्या खटक्याला शिवल्या नाहीत. शेजारच्या विहिरीवरून हंडा आणायच्या, त्या वयात, मी रागावले तरी.

आता आमच्याकडे उरली होती बाराखडी. मशीन येण्याआधी काही दिवस आम्ही ती वापरली होती. डोळे वर केले म्हणजे हो. मिटले म्हणजे नाही. मी रांगा म्हणायच्या, क-ची, च-ची, ट-ची, त-ची, प-ची, य-ची, नाहीतर स्वर. ते वर बघायचे. मग त्या रांगेतली अक्षरं. मग का, कि, की, कु करत काना-मात्रा. जोडाक्षर आलं की दोघांच्याही अंगावर काटा. म्हणून ते शक्यतो काना-मात्रा गाळायचे आणि मी अंदाजानं भरायची.

मला वाटलं, पहिल्यांदा ते दुरुस्तीचं काहीतरी सांगतील. पण आलं ते, "आईची चूक नाय." सगळ्या काना-मात्रांसकट, गाळलं काही नाही. त्यात इतका वेळ गेला की चुलीवरचा भात लागला. मग पुढे एकच शब्द, "बॅटरी."

यूपीएसची बॅटरी मेलेली आहे हे त्यांना ठाऊक होतं. नवी आणेपर्यंत दम निघाला नाही. बोट दिवसेंदिवस जड होत होतं, त्यांना घाई झाली होती.

मी सासूबाईंना सांगितलं, "आई, ते म्हणतायत तुमची चूक नाही."

"तो म्हनतो का तू म्हनतेस?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मी त्या प्रश्नाकडे फार लक्ष दिलं नाही.

दुकान ज्याला दिलं होतं त्याला फोन केला. तो भला माणूस. म्हणाला, "वहिनी, घेऊन या. माझ्याकडे चिप लिहायचं साधन नाही, कल्याणला पाठवतो. आठ-दहा दिवस धरा." मी फोन हातात धरून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले. मी म्हटलं, मग काय करायचं? आणि रांगा म्हणायला लागले. आलं, "म ळ."

माळ? मळ? मळमळतंय का? डोळे मिटलेले. म-ला काना? वर. ळ-ला काना? वर. माळा.

माळ्यावर दुकानातलं उरलंसुरलं सामान होतं. शिडी लावून मी एकेक खोकं खाली आणलं आणि त्यांच्यासमोर उघडत गेले. तिसऱ्या की चौथ्या खोक्यात एक काळी छोटी पट्टी होती, पेनड्राइव्हसारखी, तिला रंगीत तारांचा जुडगा आणि टोकाला कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखा एक बारीक चिमटा. ती बघताच त्यांचे डोळे वर गेले आणि वरच राहिले. चिप बोर्डावरून न काढता तिच्या पायांना चिमटा लावायचा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून तिच्यात लिहायचं. हातात जोर होता तेव्हा असे मेलेले कितीतरी बोर्ड त्यांनी उठवले होते.

आता दुसरा कॉम्प्युटर हवा होता. माझ्या नणंदेकडे, म्हणजे ताईकडे, लॅपटॉप होता. ती धसईला राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. त्यांच्याहून मोठी, लहानपणी त्यांना कडेवर घेऊन फिरलेली, अजूनही 'बाला' म्हणूनच हाक मारणारी. मी फोन केला तर म्हणाली, "नायतरी मी येनारच हाय. त्या नळीचा काय ते ठरवायला पायजे."

नळीचं असं होतं. गिळताना त्यांना ठसका लागायला लागला होता. डॉक्टरांनी मागच्या खेपेला सांगितलं होतं, की पोटाला छोटं भोक पाडून नळी बसवावी, तिच्यातून पातळ अन्न सरळ पोटात जाईल. पण छातीत जोर आहे तोवरच करावी लागेल, नंतर ते ऑपरेशनही झेपणार नाही. महिनाभरात ठरवून सांगा. आम्ही दोघं त्यावर बोललो नव्हतो. ते टाइप करत नव्हते, मी विचारत नव्हते. बाकी सगळं बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी ताई दोन एसट्या बदलून मुरबाडमार्गे आली. खांद्याला लॅपटॉप, हातात काकड्यांची पिशवी. आल्या आल्या भावाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पदर तोंडाला लावला. बऱ्याच दिवसांनी बघत होती, खूप उतरले होते ते.

दुपारी मी त्यांना पेज भरवायला घेतली. चौथ्या चमच्याला ठसका लागला. असा ठसका रोज एकदा तरी लागायचा. मान पुढे घ्यायची, पाठीवर हात ठेवायचा आणि वाट बघायची. तेवढ्यात चेहरा काळानिळा होतो. मला त्याची सवय झाली होती, ताईला नव्हती. ती किंचाळून उठली. त्यांचा श्वास परत आला तशी ती माझ्याकडे वळली.

"असा रोज होतो? आनि तुमी बसून ऱ्हाता? मी उद्याच मुंबईला फोन करते. नळी लावून घ्यायची. आता इचार करायचा नाय."

ते माझ्याकडे बघत होते. ती नजर मला कळायची. सुरू कर.

मी म्हणायला लागले. क-ची, च-ची, ट-ची, त-ची. वर. त, थ, द, ध, न. वर. न. मग ळ. मग परत न. मग क.

न ळ न क.

मला तिसऱ्या अक्षरालाच कळलं होतं. तरी चौथं मी मोठ्यानं म्हटलं. "नळी नको," मी म्हणाले. माझाच आवाज, माझंच तोंड. तेव्हा मला त्या मशीनमधल्या बाईची किंमत कळली.

ताई माझ्याकडे बघत राहिली. "नळी कुटं म्हनला तो? नळ म्हनला. न आन ळ. सकाळी आईनं मला सांगितला, मोटरचा काय झाला तो. नळाचाच बोलत असंल. नळ नको, मोटर नको."

"ताई, ते नळीच म्हणतायत."

"तू म्हनतेस! अक्षरा तू बोलतेस, शब्द तू जोडतेस. तुला कटाळा आला आसंल गो, मी समजू शकते. दोन वर्सा करतेस सगला. पन त्याच्या नावानं बोलू नको."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत आणि ते मला जास्त लागलं.

"तुम्हीच विचारा मग," मी म्हटलं. "हो असेल तर वर बघतील."

ताई भावासमोर गुडघ्यांवर बसली. त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिला विचारायचं होतं ते सोपं होतं, नळी नको का? पण ते तिच्या तोंडातून येईना. तिनं विचारलं, "बाला, तुला जगायचाय ना रे?"

त्यांचे डोळे वर गेले. लगेच. क्षणभरही थांबले नाहीत.

"बघ!" ताई माझ्याकडे वळली. "बघ, तो काय म्हनतो!"

त्यांनी डोळे मिटले, उघडले, परत मिटले. ताईला ते दिसलंच नाही, ती उठून मागे पडवीत रडायला गेली होती. मी त्यांच्यासमोर बसले. ताईनं काही चुकीचं विचारलं नव्हतं आणि त्यांनी खोटं उत्तर दिलं नव्हतं. पण हो आणि नाही एवढंच असलं की माणूस विचारलेल्याचंच उत्तर देऊ शकतो. त्यांना जे म्हणायचं होतं त्याला पूर्ण वाक्य लागणार होतं, तेही माझ्या तोंडातून न आलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जमिनीवर चादर पसरली आणि मशीन आडवं केलं. ताई रात्रभर माझ्याशी बोलली नव्हती, पण लॅपटॉप उघडून बसली. त्यांची खुर्ची आम्ही अशी वळवली की त्यांना बोर्ड दिसावा.

मी एकेक वस्तूवर बोट ठेवायची आणि ते हो-नाही सांगायचे. वायर काढली. बोर्डावरचा गोल सेल काढला. चिप कुठली? ही? मिटले. ही? मिटले. ही, सेलच्या शेजारची, आठ पायांची? वर. चिपच्या एका कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढा ठिपका होता. चिमट्याची लाल तार त्या बाजूला यायला हवी. हे त्यांनी दोन शब्दांत सांगितलं, "लल ठपक", आणि तेवढं मला कळलं. ताई हसली नाही, पण तिनं मोबाइलचा उजेड त्या ठिपक्यावर धरला.

चिमटा बसेना. बसला की घसरायचा. बसला असं वाटलं तर लॅपटॉप म्हणायचा, चिप सापडत नाही. माझी बोटं जाड, भांडी घासून खरखरीत. त्यांच्या बोटांना हे काम सरावाचं होतं आणि ती बोटं मांडीवरच्या उशीवर पडून होती. ते बघत होते. मी चिडून चिमटा खाली टाकला.

क-ची? वर. ख. ड. र. ब. र. खोडरबर. ताईच्या पर्समध्ये निघालं, शाळेतलं. चिपचे पाय त्यानं हलकेच घासले, तसा चिमटा धरला. लॅपटॉपवर चिपचं नाव आलं.

"आला!" ताई म्हणाली. मशीन घेऊन बसल्यापासूनचा तिचा पहिला शब्द.

लिहिण्याआधी चिपमधलं आहे ते वाचून बघायचं, तेही दोनदा, आणि दोन्ही वेळचं सारखं आलं तरच चिमटा नीट बसलाय असं समजायचं. हे त्यांनी मला अक्षरा-अक्षरानं सांगितलं. पहिल्यांदा दोन्ही वेगळं आलं. परत घासलं, परत लावलं. मग जुळलं. पेनड्राइव्हवर जुनं उतरवलेलं होतं ते उघडलं. आता फक्त एक बटण दाबायचं होतं. आधी पुसणार, मग लिहिणार.

माझा हात थांबला. हे मशीन उठलं की पहिलं काय बोलणार आहे ते मला ठाऊक होतं. ताईला वाटत होतं की ते खोटं आहे आणि तिला ते खोटं ठरवायचं होतं. मला वाटत होतं की ते खरं आहे. मलाही ते ऐकायचं नव्हतं. मी वर बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, डोळे वर नाही, मिटलेले नाहीत, नुसते माझ्याकडे. मी बटण दाबलं.

"आई," ताई पडवीकडे ओरडली, "मोटरला हात लावू नको गो!"

"मी तिकडं फिरकतसुदीक नाय," आतून आवाज आला.

लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर होता, मोटरचा आता काही संबंध नव्हता. तरी तिघीही हललो नाही. चिप लिहून झाली. लिहिलेलं ताडून बघितलं, जुळलं. चिमटा काढला, सेल बसवला, वायर लावली. यूपीएस बाजूला ठेवून सरळ भिंतीतून वीज घेतली.

पंखा फिरला आणि थांबला. ताईनं माझा दंड धरला. परत फिरला आणि यावेळी फिरत राहिला. एक बारीक शिट्टी. पडद्यावर बोर्डाचं चित्र आलं, मग तारीख चुकीची आहे अशी तक्रार. तक्रार वाचून मला रडू आलं.

मी त्यांना टेबलाशी नेलं, बोट बटणावर ठेवलं. निळा चौकोन सरकायला लागला. कॅमेऱ्याचं दुखणं तसंच होतं, जुनंच फर्मवेअर परत आलं होतं, म्हणजे सगळं त्या दमलेल्या बोटावरच. कधी बोट वेळेवर दबायचं नाही आणि चौकोन पुढे निघून जायचा, मग पूर्ण फेरी संपेपर्यंत थांबायचं. सासूबाईही येऊन बसल्या. पडद्यावर अक्षरं जमत होती, पण ताई पडद्याकडे बघत नव्हती. ती त्यांच्या बोटाकडे बघत होती, माझा हात जवळपास कुठे आहे का तेही.

मग बाई बोलली.

"ताई. मला जगायचं आहे. खरं आहे ते. पण पोटात नळी नको. तोंडानं खाता येईल तेवढे दिवस पुरे. हे माझं आहे. हिचं नाही."

ताई ताठ बसली होती. "बंद कर ती बाई," ती मला म्हणाली. मी काही केलं नाही. ती भावाकडे वळली. "असा नको रे बोलू. नळी लावून लोक वर्सावर्सा ऱ्हातात. मी इचारलाय. मी सुट्टी टाकीन, मी इथं येऊन ऱ्हाईन."

निळा चौकोन परत सरकायला लागला. तिला वाट बघावी लागली, जशी मला इतके दिवस बघावी लागत होती. मध्येच ती उठली, परत बसली.

"नळी लावली की मग श्वासाचं मशीन. मग काही हलणार नाही. डोळेपण नाही. मी आत असेन. ताई, पेज तू भरव."

सासूबाईंनी लुगड्याचा पदर डोळ्यांवर ओढला. मग ताई आत गेली, पेज गरम केली आणि वाटी घेऊन आली. पहिला चमचा तिनं फार भरला आणि तो त्यांच्या हनुवटीवरून ओघळला. मी तिला दाखवलं, मान किती पुढे घ्यायची, चमचा किती भरायचा. तिनं ऐकलं. माझ्याकडे न बघता ऐकलं.

नळी लावली नाही. डॉक्टरांना मशीननेच सांगितलं, फोन स्पीकरवर ठेवून. डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे, पण परत विचार करा." त्यांनी परत विचार केला की नाही ते मला माहीत नाही. पुन्हा अपडेट करून बघायचं का, यूपीएसला आता नवी बॅटरी आहे, असं मी एकदा विचारलं. त्यांनी डोळे मिटले.

बोट दिवाळीपर्यंत टिकलं. शेवटी शेवटी दिवसभरात एखादंच वाक्य व्हायचं आणि ते बहुतेक आईसाठी असायचं. पाणी भरू नको. गुडघ्याला तेल लाव. मग बोट थांबलं आणि बाराखडी परत आली. ताई दर रविवारी यायची आणि येईल तेव्हा पेज तीच भरवायची. ठसका लागला की ती मान पुढे घ्यायची, पाठीवर हात ठेवायची आणि वाट बघायची. एकदाही किंचाळली नाही. तिनंही बाराखडी शिकून घेतली. माझ्यापेक्षा ती भरभर म्हणायची, वर्गात रोज मुलांकडून म्हणवून घ्यायची सवय. मी स्वयंपाकघरात असताना बाहेरून तिचा आवाज यायचा, प, फ, ब, भ, म. तो शब्द काय झाला ते ती मला सांगायची नाही आणि मीही विचारायची नाही.

थंडीत छातीत कफ साठला. शहापूरच्या डॉक्टरांनी घरी येऊन ऑक्सिजन लावला, मुंबईला न्यायचं का विचारलं. डोळे मिटलेले होते. ते नाही म्हणतायत की नुसते मिटलेत, हे मला त्या वेळी ओळखता आलं नाही. ताईला विचारलं, तिलाही आलं नाही. आम्ही नेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. अंगणात तेव्हा भात वाळत होतं आणि सासूबाई कोंबड्या हाकत होत्या, त्यांना आत बोलवायला मीच गेले.

दहाव्याला नदीवरून आल्यावर ताई आणि मी मागच्या पडवीत बसलो होतो. ती म्हणाली, "मी अजून म्हनते, नळी लावायला पायजे होती. आज तो असता."

मी म्हटलं, "असते कदाचित."

"तुला नाय वाटत?"

"कधी वाटतं, कधी नाही."

ती थोड्या वेळानं उठली आणि जेवायला किती पानं घ्यायची ते विचारायला आत गेली. अजूनही ती रविवारी येते, आईला भेटायला. मी स्वयंपाक करते, ती भाजी निवडते. तिकडचा पाऊस, इकडचं भात, शाळेतल्या पोरांचं, सगळं बोलतो. नळीबद्दल मात्र नाही.